कोणता गुडघा

४ जून

चि. मुंगीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

आठ दिवस मी तुझा फोन उचलत नाही म्हणून तू शेजारणीकडे निरोप ठेवलास, रागाने ठेवलास असं ती म्हणाली. हवं तर रागाव, पण आधी ऐक.

गेल्या सोमवारी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बसवत होते. नव्या नंबरावरून मेसेज आला, वर तुझा फोटो. आत्या, मी मुंगी, फोन पाण्यात पडला, आता हाच नंबर. आणि लगेच पुढे, तब्येत कशी आहे गं तुझी? मी काडी बाजूला ठेवली आणि गुडघ्याची सगळी कर्मकहाणी लिहिली. पलीकडून किती ती हळहळ! पाय उशीवर ठेव, दुकानातलं स्टूल बदल. मग म्हणे, माझ्या बँकेचा सहा आकडी कोड चुकून तुझ्या फोनवर आलाय, तेवढा कळव. कळवला मी. चोराला घरात घेतलं, वर बसायला खुर्ची दिली. बँकेने खातं बंद करेपर्यंत ऑपरेशनसाठी ठेवलेल्यातले बरेच गेले.

पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण आता फोनवर तुझं नाव दिसलं की मी फोन पालथा घालून ठेवते. तू तूच कशावरून? तुझं अक्षर मात्र कुणाला चोरता येणार नाही, इतकं भयंकर आहे. म्हणून पत्र लिही.

एक सांगू? तो मेला विचारपूस फार छान करत होता.

पाठीवर हात आहेच,
आत्या


१२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक्स-रे खोलीत, दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. तू स्वतःला बावळट म्हणत फिरतेस असं शेजारणीकडून कळलं. खबरदार! ही माणसं भल्याभल्यांना टोप्या घालतात. माझा फोटो साऱ्या जगाला दिसत होता, खाली तू कौतुकाने 'आत्याची मुंगी' असं लिहिलेलं. चोराला आणखी काय हवं होतं? आता ते सगळं मी झाकून टाकलंय. तू स्वतः बँकेत जाऊन पासवर्ड बदल, तक्रारीची पावती घे. आणि तो कोड बँकेचा माणूस मागो, पोलीस मागो, नाहीतर मी मागो, कुणालाही सांगायचा नाही. मलाही नाही.

फोनचं असं करू. मी फोन केला की आधी तू एक प्रश्न विचार. वाढदिवस, शाळा असलं नको, ते केव्हाच चव्हाट्यावर आलंय. शेवटच्या पत्रातलं काहीतरी विचार. ते फक्त आपल्या दोघींना ठाऊक.

गुडघ्याचं मला कधी बोलली नाहीस ती?

लोभ आहे त्यात काटछाट नको,
मुंगी


२० जून

चि. मुंगीस,
अ. आ.

बँकेत जाऊन आले. तिथल्या मुलीने शेजारी बसून सगळं बदलून दिलं. नवा पासवर्ड तुलाही सांगणार नाही. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार. परवा पुन्हा एक 'मुंगी' फोनवर आली, घसा बसलेली. मी विचारलं, मागच्या पत्रात शेवटी तू काय विचारलं होतंस? फोन खाडकन बंद! मी एकटीच दुकानात हसत बसले.

गुडघ्याचं बोलले नाही, कारण तू फोन करतेस तेव्हा कायम जिना चढत असतेस आणि मागून कुणीतरी तुला हाका मारत असतं. डावा गुडघा आहे, उजवा ठणठणीत. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला. पैशांचं जमवलंय. सोबतीला शेजारीण येते म्हणाली आहे, तेव्हा काळजी नको.

तुझ्या फोनची वाट पाहणारी,
आत्या


२७ जून

चि. मुंगीस,
अ. आ.

काल मी फोन ठेवला तो रेंज गेली म्हणून नव्हे. माझा कोणता गुडघा दुखतो असं मी विचारलं आणि तू उजवा म्हणालीस. तूच होतीस. तो सुस्कारा, मागची ती ट्रॉलीची खडखड, सगळं तुझंच. तरी ठेवला. नियम तुझाच आहे.

पत्र मिळालं होतं ना?

आत्या


१ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं होतं. बँकेचं तेवढं वाचलं, हुश्श केलं आणि पत्र एप्रनच्या खिशात टाकलं. दिवसभर मी परक्यांच्या गुडघ्यांचे फोटो काढते. डावा की उजवा, ती खूण ठेवल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. आणि घरच्या गुडघ्याचं उत्तर अंदाजाने ठोकलं. त्या चोराने निदान विचारलं तरी होतं. फार लाज वाटली, आत्या.

डावा. ऑपरेशन आठ तारखेला. शेजारणीला कळवलंय की तिने फक्त दुकानाकडे लक्ष ठेवावं, सोबतीला मी आहे. रजा मंजूर झाली, सहा तारखेला संध्याकाळी पोचते.

बेल वाजली की लगेच दार उघडू नकोस. आधी विचार.

तुझीच,
मुंगी