पाखरं उडाल्यावर

ऑक्टोबर १९७४

अहो,

तुम्ही आरामाला धाडलं, अन् मी मामाच्या डोंगरातल्या शेतात उंच माळ्यावर बसून पाखरं राखून राह्यले. आसपास एक घर न्हाई, नुसती सीताफळीची झाडी.

बाळ गेल्यापासून माझा आवाजच बसल्ता. तुम्ही म्हणायचे, एकदा मोठ्यानं रड. काल ज्वारीवर पोपट उतरले अन् मी जोरात ‘हाऽऽ’ केलं. पोपट उडाले, पण मला थांबताच येईना. खालून मामा म्हणाला, "ओरड पोरी. राखणीला ओरडावंच लागतं."

मंग पोटभर जेवले.

हे पत्र टाकायला हसनाबादला जावं लागंल. तिथं आपल्या जालन्याची एसटी उभी असती. दिवाळीपर्यंत राहा म्हणालात, पण एसटी दिसली तर मी चढंनच. म्हणून पत्र उशाखाली ठेवते.

आवाज फुटलेली,
बेबीनंदा