मागाशेजारचा तिसरीचा वर्ग

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
दि. १८ सप्टेंबर १९७५

ती. अण्णास,
महानंदाचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलास तरी मला उलट बोलता येणार नाही, कारण माझा आवाज बसला आहे. दर पावसाळ्यात बसतो तसा नव्हे. श्रावणात बसला तो उठायचं नावच घेत नाही. सकाळी थोडा वेळ कसाबसा चालतो आणि मग नुसती हवा येते.

आमची शाळा तू पाहिली आहेस. माझ्या तिसरीच्या वर्गाची भिंत आणि पलीकडच्या यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच. माग सुरू झाले की खिडकीचे गज थरथरतात. आठ वर्षं मी त्या खडखडाटावर आवाज चढवून शिकवते आहे. पोरं बहुतेक तेलुगू घरांतली, मराठी त्यांना शाळेतच भेटते, तरी माझी तिसरी कधी मागे पडली नाही. याचा मला गर्व आहे, तू काही म्हण.

काल मुख्याध्यापक गुरुसिद्धप्पा सरांनी बोलावून घेतलं. जानेवारीत साहेब तपासणीला येणार आहेत. तोवर आवाज सुधारला नाही आणि वर्ग कच्चा दिसला, तर तिसरी दुसऱ्या बाईंकडे द्यावी लागेल आणि मी कार्यालयात बसून दाखले लिहायचे, असं त्यांनी सांगितलं. सर भले आहेत, सांगताना माझ्याकडे बघतही नव्हते. पण अण्णा, वर्गाबाहेर बसून मी करू काय? मला दुसरं काही येतच नाही. हल्ली घरातसुद्धा एका जागी बसवत नाही.

एक आशा आहे. अध्यापक विद्यालयातून सरांनी टेपरेकॉर्डर मागवून दिला आहे. धडे आधी भरून ठेवायचे आणि वर्गात लावायचे. यातली गंमत मात्र ऐक. वीज असली की माग चालू, म्हणून टेप ऐकू येत नाही. वीज गेली की माग बंद, पण मग टेपही बंद. हसू नकोस.

आईची प्रकृती बरी आहे. परवा होटगीला तिला भेटून आले. ती तुझी वाट बघते. लोभ आहेच, तो पत्रातूनही कळू दे.

तुझी,
महानंदा

---

॥ श्री ॥

ता. इंडी, जि. विजापूर
दि. २९ सप्टेंबर १९७५

चि. महानंदा हिस,
चन्नवीरचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी हसलो, खोटं कशाला सांगू. मग वाईट वाटलं. लहानपणी तू रडायला लागलीस की होटगी स्टेशनवरचे हमाल वळून बघायचे. त्या नरड्याला काय झालं?

आवाज बसलाच आहे तर आई म्हणेल, आता स्थळं बघायला हरकत नाही. मुलगी शिकलेली आहे आणि बोलत नाही, असं छातीठोक सांगता येईल. चिडलीस ना? चिडलीस म्हणजे बरी आहेस.

आता माझी कथा. आमच्या शाळेत टीव्ही आला आहे. छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची भली मोठी थाळी बसवली आहे. तिचं तोंड आभाळातल्या उपग्रहाकडे. सकाळी पेटी उघडली की कन्नडमधून धडा सुरू. गावातले ईरप्पा गौडा रोज आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून येतात आणि पोरांच्या पुढे बसतात.

बसवायला आलेल्या माणसानं मला बजावलं आहे की कार्यक्रम चालू असताना मास्तरांनी मध्ये बोलायचं नाही. म्हणजे मी माझ्याच वर्गात पाहुणा. पेटीतल्या बाई म्हैसूरकडचं नाजूक कन्नड बोलतात. प्रश्न विचारतात आणि आमच्या पोरांनी तोंड उघडायच्या आत शाब्बास म्हणून पुढे जातात. पोरं एकमेकांकडे बघतात, शाब्बास कोणाला म्हणाल्या म्हणून. मला आवाज आहे तर मी गप्प उभा, तुला बोलायचं आहे तर आवाज नाही. वाटणी करताना देवाची कायतरी गडबड झाली.

डॉक्टरला दाखव. टाळाटाळ केलीस तर मी येऊन ओरडेन. घसा जप, आणि माझ्यावरचा लोभ त्याहून थोडा जास्त जप.

तुझा,
अण्णा

---

भवानी पेठ, सोलापूर
दि. १४ ऑक्टोबर १९७५

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना दाखवलं. ओरडून ओरडून गळ्यात गाठी आल्या आहेत म्हणे. संक्रांतीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं जास्त ताण पडतो. शिवाय मागाची कापसाची धूळ घशात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर कापड बांधायला सांगितलं आहे. मी आता डाकूसारखी दिसते. शाळेत झाडलोट करणारी गुरम्मा मला बघून दारातच थबकली आणि म्हणाली, बाई, तुमी हाय व्हय, मला वाटलं कोन चोर शिरलं.

न बोलता हजेरी घेते, पाटीवर लिहून दाखवते, काठीनं फळ्यावरची अक्षरं दाखवते. पण भाषा अशी किती शिकवणार?

परवा माझ्या वर्गातल्या भूदेवीच्या घरी गेले होते. फार हुशार पोर, पण हल्ली गप्प झाली आहे, म्हणून. तिच्या घरात पुढे चूल आणि मागे माग. आत नुसता दणदणाट. तिची आई मागावरून न उठता पोरीकडे बघून तोंड हलवत होती. आवाजाचा पत्ता नाही. मला एक अक्षर कळलं नाही, पोरगी मात्र मान डोलावून गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या, वर गुळाचा खडा घेऊन आली. मला मोठी मौज वाटली. मी चिठ्ठीवर लिहून विचारलं की भूदेवीला घरी काही त्रास आहे का. आईला वाचता येत नव्हतं. तशीच परत आले.

तर विनंती अशी. माझे धडे आता माझ्या आवाजात भरणं शक्य नाही. दिवाळीला तू होटगीला येशील तेव्हा मी टेपरेकॉर्डर घेऊन येते. कविता आणि पाढे तू म्हण. तुझ्याइतका मोठा आवाज आपल्या घराण्यात कोणाचा नाही. हे स्तुती म्हणून लिहिलं आहे.

गुळाच्या खड्याएवढा का होईना, लोभ पाठवत जा.

तुझी,
महानंदा

---

ता. इंडी
दि. १२ नोव्हेंबर १९७५

चि. महानंदा हिस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. दिवाळीत इतका मी जन्मात बोललो नव्हतो. आईनं पेटीतून माझा आवाज ऐकला आणि समोर बसलेल्या मला सोडून त्या चक्राशी बोलायला लागली, हे मी इथं सगळ्यांना सांगितलं. कवितेच्या मध्येच गाडीची शिट्टी आली त्याला माझा इलाज नव्हता. होटगीत राहून शिट्टी टाळायची कशी?

तुझ्या लक्षात आलं का, प्रत्येक ओळीनंतर मी थांबलो आहे. मास्तरनं म्हणायचं आणि पोरांनी मागून म्हणायचं, हीच आपली रीत. पेटीतल्या बाई थांबत नाहीत, म्हणून त्यांचं शिकवणं वाऱ्यावर जातं. ते पाहूनच मी शहाणा झालो. आता बघ, तुझा वर्ग कसा दुमदुमतो. माझा आवाज माग झाकून टाकेल.

तू मात्र तिथं दोन दिवस पाटीवर लिहून भांडत होतीस, त्याचा खडू अजून माझ्या सदऱ्यावर आहे. तोंडावरचं कापड घरात तरी काढत जा, आईला ते बघवत नव्हतं.

वर्गाचं लगेच कळव. इकडे जीव लागून आहे. आशीर्वाद नेहमीचेच, फक्त या वेळी मोठ्यानं.

तुझा,
अण्णा

---

भवानी पेठ, सोलापूर
दि. ११ डिसेंबर १९७५

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

दुमदुमला नाही. काही म्हणजे काही झालं नाही.

टेप लावते. तुझा आवाज मागांच्या वरही येतो, म्हणजे मला तरी येतो. तू थांबतोस तिथं वर्गही थांबतो. पोरं टेपकडे बघतात, मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे. कोणी ओठ उघडत नाही. गाडीची शिट्टी आली की मात्र सगळी हसतात. सहामाहीत माझी तिसरी शाळेत शेवटची आली. जी पोरं गेल्या जूनमध्ये कविता घडाघडा म्हणत होती ती आता साध्या प्रश्नाला गप्प राहतात.

भूदेवीचं तर मला कोडंच पडलं आहे. पुढच्या रांगेत बसून ती सारखी माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. मला वाटतं, कापड बांधलेल्या बाईची तिला भीती वाटत असावी. मग मीच ओशाळून कापड आणखी वर ओढून घेते.

सरांनी दुसऱ्या बाईंना सांगून ठेवलं आहे. त्या काल येऊन माझ्या वर्गाच्या भिंतीवरचे तक्ते मोजून गेल्या. मी तिथंच उभी होते. अण्णा, इतका राग आला होता आणि मला ओरडतासुद्धा येत नव्हतं. शाळा सुटल्यावर घरी जावंसं वाटत नाही, घरी गेले की शाळेत यावंसं वाटतं. वाटेत उगाच सिद्धेश्वरच्या तळ्याभोवती फिरते. आठ वर्षं माझ्या आवाजावर हा वर्ग चालला. तो गेला तर वर्ग गेला, इतकं सरळ आहे.

रागानं लिहिलं असेल तर पोटात घाल. लोभ तुझ्याकडेच शिल्लक असेल तर असेल, माझ्याकडचा संपत आला आहे.

तुझी,
महानंदा

---

ता. इंडी
दि. २२ डिसेंबर १९७५

चि. महानंदा हिस,
अ. उ. आ.

असं लिहायचं नाही. तू रडवेली झालीस की मला इथं भाकरी गोड लागत नाही.

माझं मत विचारशील तर आवाज कमी पडतो आहे. टेपचा भोंगा तो केवढासा! इथल्या जत्रा कमिटीकडे मोठा कर्णा आहे. ईरप्पा गौडांना विचारलं तर घेऊन जा म्हणाले. संक्रांतीला सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेला येताना तो आणतो आणि तुझ्या वर्गात टांगतो. मग बघू माग जिंकतात की मी. तपासणी त्याआधी असली तर मात्र नाइलाज.

पोरांना दोष देऊ नकोस. माझी काय वेगळी आहेत? परवा आमच्या टीव्हीचं चित्र गेलं, आवाज तेवढा राहिला. थोड्याच वेळात सगळी पोरं बाहेर विटीदांडू खेळायला गेली. काल उलट झालं, आवाज गेला आणि चित्र राहिलं, तर हूं की चूं न करता शेवटपर्यंत बसून होती. यांना शिकायचंच नसतं, नुसतं बघायचं असतं. आपण मात्र यांच्यासाठी घसे फोडायचे.

आई म्हणेल तो नवस बोलून ठेव. तुझ्या वाटचा लोभ माझ्याकडे भरपूर आहे, लागेल तसा घेऊन जा.

तुझा,
अण्णा

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
दि. १० जानेवारी १९७६

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

काल तपासणी झाली. घाईनं लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

साहेब वर्गात आले, मागून गुरुसिद्धप्पा सर. पोरं उभी राहिली. मी टेपचं बटण दाबलं, तुझा आवाज निघतो न निघतो तोच वीज गेली. चक्रं थांबली. पलीकडचे माग एकेक करत बंद पडले आणि वर्गात इतकं शांत झालं की साहेबांच्या बुटांचा आवाज यायला लागला. सर जमिनीकडे बघत होते. पोरं उभीच.

मला गुदमरायला झालं. मी तोंडावरचं कापड ओढून काढलं आणि सवयीनं पोरांना बसा म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, ओठ हलले, आवाज नव्हताच. आणि सगळा वर्ग एकदम खाली बसला.

मी बघतच राहिले. मग कवितेची पहिली ओळ तशीच ओठांनी म्हटली. वर्गानं ती मोठ्यानं म्हटली, अण्णा! दुसरी म्हटली, तीही आली. पुरी कविता झाली. मी ओठांनीच अर्थ विचारला, तर भूदेवी उठून उभी राहिली आणि तिनं सांगितला. मराठीत, न अडखळता. मी मुद्दाम फळ्यापासून लांब जाऊन प्रश्न विचारले. एकही चुकला नाही. माझी तिसरी, दिवाळीच्या आधीपासून मुकी झालेली, घडाघडा बोलत होती.

साहेबांना वाटलं ही कुठली नवी पद्धत आहे. त्यांनी मला विचारलं, मी नाही अशी मान हलवली. तेव्हा सरांनी भूदेवीला विचारलं की बाईंचा आवाज नसताना तुला कसं कळलं. ती म्हणाली की बाईंचा आवाज आमाला कवा येतो? माग चालू असला की काय बी ऐकू येत न्हाय. आमच्या घरी आई अशीच बोलते, तोंडानं. आमी बाईंचं तोंड बगतो. बाईंनी कापड बांदलं, मग काय कळंना की.

म्हणजे मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं आणि दोष टेपला देत होते. ती पोर रोज माझ्याकडे बघत होती ती भीतीनं नव्हे. ती माझे ओठ शोधत होती.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की तिसरीचा वर्ग याच बाईंकडे ठेवावा. सरांनी डोळे पुसले. माग सुरू झाले तेव्हा मी कापड कमरेला खोचून तो तास तसाच पुरा केला. धुळीचं डॉक्टरांना काय सांगायचं ते मी बघेन.

घरी येऊन मात्र फार रडले. वर्ग राहिला म्हणून रडायचं कशाला, पण रडले. आठ वर्षं मी त्या भिंतीशी ओरडत होते. या ओरडण्यावर वर्ग चालतो याचा मला गर्व होता, तुलाही तसंच लिहिलं होतं. नरडं फाडलं, गाठी आल्या, आणि त्यातलं एक अक्षर त्या पोरांना कधी ऐकू आलं नव्हतं. मराठी ती पोरं माझ्याकडे बघून शिकली. कोणी तरी सांगायला हवं होतं, पण त्यांना काय ठाऊक की मी ऐकू जावं म्हणून ओरडते आहे? त्यांना वाटलं असेल, बाईंचं बोलणंच असं.

डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत आवाज परत येईल. येऊ दे, घाई नाही.

लोभ दोन्हीकडे पुरेसा आहे असं आता वाटतं. गड्ड्याला नक्की ये. कर्णा ज्याचा त्याला देऊन ये. आणि आलास की दारातून हाका मारू नकोस, अण्णा. माझ्यासमोर बस, माझ्याकडे बघ आणि साधं बोल.

तुझी,
महानंदा