अठरा श्वास

१७ नोव्हें., सोमवार
एआयचा तिसरा वर्ग घेतला. तेवीस नर्सेस, अर्ध्या ड्यूटीवरून तशाच आलेल्या, पाय दुखणाऱ्या. चार्टमध्ये नाडी, ताप, बीपी, श्वास भरायचे, मग संगणक पेशंटला हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग देतो. कोण बिघडणार हे आधी सांगतो म्हणे. कल्पना मागून ओरडली, "मॅडम, मग आम्ही फक्त रंगच बघायचा ना?" सगळ्या हसल्या. मीही. हसायला नको होतं.

१९ नोव्हें., बुधवार
फीमेल वॉर्डमधल्या जनाबाई आयसीयूत. न्यूमोनिया. मुलगा इथेच भेस्तानला लूमवर कापड विणतो, कालपासून बाकावर बसून आहे. स्क्रीन सकाळपर्यंत हिरवा! कल्पना सांगत होती, तिने त्यांच्याच अहिराणीत विचारलं होतं, "माय, तुले दम लागस का?" म्हातारी म्हणाली, "जीव घाबरस वं." मग कल्पनाने रंग पाहिला. हिरवा. पुढच्या खाटेकडे गेली.

चार्ट काढून पाहिला. मिनिटाला श्वास: १८, १८, १८, अगदी नॉर्मल. तीन दिवस. शेजारच्या खाटेवरही १८.

२० नोव्हें.
कल्पनाला मेमो. न मोजता आकडा लिहिला म्हणून. सोमवारी चौकशी, तोवर घरी. नोकरी जाईल असं ऑफिसात बोलतायत.

अठरा कुणी शिकवला? चाळीस खाटा, दोन नर्सेस, आणि मीच नव्या मुलींना शिकवताना सांगितलं होतं, "पेशंट बोलतोय, हसतोय, तर अठरा लिही आणि पुढे चल." कल्पना त्या बॅचमध्ये होती. दोन वेण्या, सगळं वहीत उतरवून घ्यायची.

दिवसभर एका जागी बसवेना. कपाट आवरलं, परत विस्कटलं.

२१ नोव्हें., शुक्र.
शाळेच्या सिक-रूमची आठवण सारखी येतेय. नववीत छाती भरली होती. सिस्टर बेनेडिक्टा पलंगाच्या कडेला बसायच्या, हात माझ्या पोटावर, नजर छातीला टाचलेल्या घड्याळावर. बोलायच्या नाहीत. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नसतं, हे मला फार नंतर समजलं. तेव्हा वाटायचं, माया करतायत. त्या हातामुळे मी नर्स झाले, आणि...

२२ नोव्हें., शनि.
कल्पना घरी आली. चहा अर्धा टाकला.
"मेमोला उत्तर दिलं, मॅडम. तुमचं नाव नाही घातलं."
"का गं?"
"तुम्ही मार्चमध्ये रिटायर होताय ना. आणि लिहिणारा हात तर माझाच होता."
ती गेल्यावर चौकशीसाठी अर्ज लिहिला. पाच ओळी. 'श्वास न मोजता अठरा लिहिण्याची पद्धत मी स्वतः शिकवली', ही तिसरी.

२४ नोव्हें., सोम.
चौकशी बुधवारवर गेली. सुपरिंटेंडेंट देसाईसाहेबांनी अर्ज वाचून चष्मा काढला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "बेन, आ लाइन काढी नाखो ने." काढून टाका म्हणे, आवाज मऊ. मग हिंदीत, ट्रेनिंगच बंद पडेल, इतक्या वर्षांचं नाव जाईल, लडकी तो दूसरी जगह लग जाएगी. अर्ज मला परत दिला. मी पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवला. नमस्कार करून बाहेर आले.

२५ नोव्हें., मंगळ.
वर्ग. फळ्यावर जनाबाई बिघडल्या त्या दिवशीचे वॉर्डमधले श्वास लिहिले. १८, १८, २०, १८, १८. कुणी हसलं नाही. म्हटलं, "संगणकाला आपण दिलेलंच ठाऊक असतं. आणि हे अठरा माझे आहेत." कल्पनाची खुर्ची रिकामी. मग जोड्या लावल्या, समोरचीचे श्वास, पूर्ण एक मिनिट. चौदा, एकवीस, सोळा. एकीचा आकडा ऐकून दुसरी चकित.

दुपारी जनाबाईंकडे गेले. वॉर्डात परत आणलंय. मनगट धरलं, नाडी बघतेय असं दाखवलं, मोजायला लागले. खिशात फोन वाजला. साहेब. पुन्हा वाजला. मिनिट पूर्ण केलं. बावीस. चार्टमध्ये बावीसच भरले. स्क्रीन पिवळा झाला, डॉक्टरला बोलावलं.

साहेबांना अजून फोन केलेला नाही. अर्जाची दुसरी प्रत पर्समध्ये आहे. उद्या अकरा वाजता चौकशी.