सात प्रवासांपैकी आधी कोणता

३ नोव्हेंबर, सोमवार

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई आज प्रथमच घरी आल्या. लेकीने त्यांना जी हकीकत सांगितली, तीत तीन चुका होत्या. चारचौघांत तिला टोकणे बरे दिसले नाही. येथे दुरुस्त करतो.

'आई स्वयंपाकघरात कोसळली' – नाही. ही बाहेरच्या खोलीत, आपल्या पुस्तकांच्या फळीपाशी कोसळली. हातात पुस्तक होते. 'सहा ऑक्टोबरला' – नाही. पाच ऑक्टोबर, रविवार. सहा तारखेला लेक येऊन पोहोचली, म्हणून तिच्यापुरती घटना सहाला घडली. आणि तिसरी – 'बाबा तसे आईशी कधी फार बोलतच नसत.'

ही चूक गंभीर आहे. छापखान्यात आम्ही दोघे एकाच टेबलाशी बसत असू. ही मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचत असे. मी छापलेल्या कागदावर डोळे ठेवून चुका टिपत असे. हस्तलिखितात जे असेल ते सगळे वाचायचे, असा आमच्या कामाचा नियम – 'स्वल्पविराम', 'अवतरण सुरू', 'नवा परिच्छेद' हेसुद्धा. एरवी एखादे चिन्ह गळाले तर कळणार कसे? म्हणजे नोकरीभर आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत होतो. मजकूर दुसऱ्यांचा होता, इतकेच.

बाई म्हणाल्या, हिला समजते सगळे. शब्दांची बाहेर यायची वाट तेवढी बुजली आहे. "रोज वाचून दाखवा त्यांना. आवडीचं, हसवणारं."

त्या गेल्यावर लेकीने मला एकट्याला गाठले. महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर हिला गावाबाहेरच्या उपचार केंद्रात ठेवायचे. भेट फक्त रविवारी! मी म्हणालो, फरक पडेल. "कशावरून?" – काही उत्तरे करून दाखवायची असतात.

४ नोव्हेंबर

हिची फळी उतरवली. सात पुस्तके, सातही विनोदी प्रवासवर्णने. नातेवाइकांच्या लग्नांपलीकडे आम्ही दोघे कुठे गेलो नाही. "तुम्ही चुका काढत बसा, मी तोवर फिरून येते," असे म्हणून ही आतल्या खोलीत जाई आणि मग तेथून एकटीच्या हसण्याचा आवाज येई. मी मात्र यांतले एकही वाचलेले नाही. एकदा चार पाने चाळली होती. लेखकाचे सामान हरवते, पाठोपाठ वाक्यातले क्रियापदही हरवते.

आधी कोणते घ्यावे? प्रश्न साधा नाही. ही लवकर थकते. पहिल्याच पुस्तकात मन लागले नाही तर ऐकणेच सोडून देईल, असा इशारा बाईंनी दिला आहे.

प्रकाशनाच्या वर्षाप्रमाणे जावे, तर सर्वांत जुने बोटीच्या प्रवासाचे. त्यात पहिली चाळीस पाने लेखकाला उलट्या होत आहेत. आजारी माणसापुढे हे? शिवाय पहिल्या सोळा पानांतच छपाईच्या अकरा चुका. बाद.

शेवटी कसोटी ठरवली: ज्यात चुका सर्वांत कमी, ते आधी. निर्दोष पायरीवर पाय घसरत नाही.

५ नोव्हेंबर

निवड झाली. करड्या पुठ्ठ्याचे – सासूबाई आणि त्यांची घडीची खुर्ची यांना घेऊन जावयाने केलेला पाच देशांचा दौरा. चुका तीनच, त्याही किरकोळ.

लेकीला पटले नाही. "बाबा, ज्याची पानं सुटलीत ते घ्या ना. तेच आईनं सगळ्यात जास्त वाचलंय." म्हणजे ते बोटीचेच! मी म्हणालो, पाने सुटणे हा बांधणीचा दोष आहे, गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

"मग आईलाच विचारा की."

विचारले. एका हातात करडे, दुसऱ्या हातात बोटीचे. हिने दोन्ही पाहिली, डावा हात मोठ्या कष्टाने उचलला आणि बोट माझ्या छातीकडे केले. खाली पाहिले – स्वेटरचे एक बटण चुकीच्या काजात गेले होते! नजर अजून शाबूत आहे. बटण नीट लावले. पुस्तकाचा निर्णय अर्थात माझ्यावर राहिला.

७ नोव्हेंबर

वाचनास प्रारंभ. सासूबाईंची खुर्ची विमानतळाच्या फिरत्या दारात अडकते, तेथवर आलो आणि हिला ठसका लागला. पाणी पाजले. वाचन थांबवले.

८ नोव्हेंबर

पुन्हा ठसका. कालच्यापेक्षा जोराचा, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आले. हे पुस्तक हिला मानवत नाही. बाद.

९ नोव्हेंबर

दुसरे घेतले – दोन भाऊ आणि एक सायकल. तिसऱ्या पानावर ठसका.

११ नोव्हेंबर

मी वाचत असता लेक पोळपाट तसाच टाकून बाहेर आली. "बाबा, तुम्ही 'उद्गारचिन्ह' काय वाचताय?"

मला पत्ताच नव्हता! प्रत्येक स्वल्पविराम, प्रत्येक अवतरण, सगळे मोठ्याने वाचत होतो. छापखाना सुटला, जिभेचे वळण सुटले नाही.

"विनोदाला पोलीस बंदोबस्तात नेल्यासारखं वाटतंय," लेक म्हणाली. "हसणार कशी ती?"

बोल लागला, पण मुद्दा बरोबर आहे. उद्यापासून एकही चिन्ह उच्चारणार नाही.

१२ नोव्हेंबर

चिन्हे गाळून वाचले. अनवाणी चालल्यासारखे वाटते. परंतु ठसका नाही. एकदाही नाही! लिहून ठेवावी अशी प्रगती.

१५ नोव्हेंबर

सायकलचे पुस्तक संपवले. ठसका नाही. हसूही नाही. ही खिडकीकडे पाहत राहते. मी पान उलटले तरी मान वळत नाही. आज बाई तपासून गेल्या. दारापाशी लेकीशी हळू बोलत होत्या. हळू बोलण्याचा अर्थ मला कळतो.

१६ नोव्हेंबर

लेकीने केंद्रात फोन केला. एक डिसेंबरपासून खाट मिळते.

तिच्यावर राग नाही. रात्री हिला कूस बदलायला तीच उठते. माझी कंबर त्या कामाची राहिलेली नाही. फोन ठेवल्यावर ती हिची चादर सारखी करू लागली. मी म्हणालो, महिना अजून संपलेला नाही. पाच पुस्तके आहेत.

१८ नोव्हेंबर

लेकीचे ऐकले. बोटीचे पुस्तक घेतले. हिच्या हातात त्या रविवारी हेच होते. जमिनीवरून मीच उचलून फळीवर ठेवले होते. चुका अक्षरशः पायात येतात, पण पेन्सिल हाती धरली नाही. लेखक ओकतो आहे. वाचतो आहे.

२० नोव्हेंबर

अठ्ठेचाळिसावे पान. ही खिडकीकडेच. उद्याही वाचणार. परवाही.

२१ नोव्हेंबर

जसे घडले तसे लिहितो.

दुपारी वाचत होतो. बोटीवरचा आचारी लेखकाला सांगतो, की साहेब, समुद्राकडे बघू नका, समुद्रालाही तुमच्याकडे बघवत नाही. 'की साहेब'पाशी मला दम लागला. थांबलो. श्वास घेतला आणि पुढचा शब्द उच्चारणार, तोच खाटेवरून आवाज आला –

"स्वल्पविराम."

जड, ओढलेला, पण पुरता शब्द. छापखान्यात मी कागदावर डोळे लावून थबकलो की ही याच सुरात सांगे.

मान वर केली. ही खिडकीकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, जरा वैतागून.

मी पुस्तक पुन्हा धरले. वाक्य पहिल्यापासून वाचले – स्वल्पविरामासकट, अवतरणासकट. "पूर्णविराम" म्हणालो मात्र, हिला ठसका लागला. खांदे हलले, डोळे भरले. मी पाण्यासाठी हात लांब केला.

लेक दारात केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने माझे मनगट धरले.

"बाबा, पाणी कशाला? आई हसतेय."

२२ नोव्हेंबर

या रोजनिशीतील दुरुस्त्या:

७ नोव्हेंबर – 'ठसका लागला' नव्हे, हसली.

८ नोव्हेंबर – जोराने हसली.

९ नोव्हेंबर – हसली.

१२ नोव्हेंबर – 'प्रगती' खोडावी.

१६ नोव्हेंबर – एक डिसेंबरची खाट नको म्हणून लेकीने आज सकाळी कळवले.

५ नोव्हेंबर (ही नोंद क्रमाने सर्वांत आधी हवी होती) – हिने बोट दाखवले, ते बटणाकडे नव्हते.