सुदेशची पिशवी

ती. गोदूआत्यास,

डोंबिवलीहून विनीतचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? खोपटच्या डेपोतल्या गाड्या अजून तुझी झोप मोडतात का? इकडे आमची पाहुण्याने मोडली आहे. (फोनच केला असता, पण तो समोर बसून माझं बोलणं ऐकतो आणि वर सल्ला देतो.)

कल्पिताचा मामेभाऊ सुदेश, आंबिवलीचा, घराला रंग काढलाय म्हणून चार दिवस आला, त्याला महिना होत आला. तो रंग एव्हाना वाळून उडायलाही लागला असेल. शिवानीची खोली त्याने घेतली आणि शिवानी सीएचा अभ्यास जिन्यात बसून करते. पुढच्या सोमवारी पेपर आहे. परवा पोरगी रडली गं, आणि मी बाप असून नुसता बघत राहिलो.

तीच म्हणाली, "बाबा, काय ऑडॅसिटी आहे यार ह्याची!" मी अर्थ विचारला. म्हणाली, लाज नसणं वेगळं. आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक असून ताठ मानेने करणं, ती ऑडॅसिटी. उदाहरणार्थ, दुसऱ्याच्या ताटावर बसून "ताई, आमटीत मीठ कमी पडलं हां" म्हणणं. (मीठ खरंच कमी होतं, पण ते मी म्हणायचं.)

बरं, तो निघत नाही असंही नाही. दर रविवारी पिशवी भरून दारात उभा राहतो, "येतो हां भावोजी" म्हणतो. आणि आत्या, जन्माची खोड, माझ्या तोंडून निघतं, "अरे, असा कसा जातोस? राहा की दोन दिवस!" आतून कल्पिता, "हो ना, एवढी कसली घाई!" तो पिशवी खाली ठेवतो. गेल्या रविवारी मी मुद्दाम तोंडात पाणी धरून उभा राहिलो. ते गिळून आग्रह केला. आमच्याने काही होणार नाही.

तुझा हताश,
विनीत

ता. क. मागच्या दिवाळीत तू मला तोंडावर म्हणालीस, "झाला ना चहा? आता निघ, मला पडायचंय." त्या रागाने मी पुन्हा तुझ्याकडे फिरकलो नाही. आत्या, तेच वाक्य घेऊन रविवारपर्यंत ये. (इतके दिवस अबोला धरून हे मागण्याला काय म्हणतात, ते वर लिहिलंच आहे.)

ता. क. २. तू येणार हे कल्पिताने आनंदाच्या भरात सुदेशला सांगून टाकलं. तो आजच निघणार होता म्हणे. आता आत्यांना भेटल्याशिवाय कसा जाऊ, म्हणतो. तुझं अंथरूण हॉलमध्ये घालायचं त्यानेच ठरवलंय. खोलीतला पंखा तुला सोसायचा नाही म्हणतो.