नव्या वळूचा नमुना

४ मार्च
व्यवस्थापकसाहेब पुन्हा प्रयोगशाळेत! मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला, आणि हे मागे छाती काढून उभे— "सरदारला केंद्रातून काढायचं नाही. शिंगं बघा, वशिंड बघा! नराचं रूपच सांगतं, बी कसं असेल ते."
डोंबल सांगतं! सरदार हा आमच्या वीर्यकेंद्रातला सगळ्यात देखणा वळू, आणि त्याच्या थेंबात दहातले दोन शुक्राणू जेमतेम हलतात. कोपऱ्यातल्या हाडकुळ्या वळूच्या थेंबात मात्र नुसती झुंबड. शिंगं, वशिंड, आवाज— हा थाट मादीला भुलवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. लाखो वर्षं नर यातच शक्ती उधळत आलेत. मग बीजाला काय उरणार? पण साहेबांना कोण सांगणार? ते स्वतःच बिनशिंगाचे सरदार! सहा फूट, पिळदार दंड, घागरीतून आल्यासारखा आवाज.

९ मार्च
साहेबांच्या घरी आम्हा सगळ्यांना जेवण. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. कुणीतरी विषय काढला. साहेब हसत म्हणाले, "बी अस्सल आहे हो. जमीनच पडीक निघाली." बायको शेजारी वाढत होती! तिने पुढच्या पानात आमटी वाढली. साहेबांची किळस आली, आणि तिचाही राग. तोंड शिवलंय का बाईचं?

१० मार्च
स्वतःची तपासणी केली असेल कधी? छे! मिशा आहेत ना.

१७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत मी एकटी असताना साहेब आले. दार लोटलं. खिशातून बाटली काढली. "नव्या वळूचा नमुना. नोंद नको." बाटली कोमट. गोठ्यात नवा वळू आलेलाच नाही!
बघितलं. वळूच्या बीजांची डोकी एका साच्यातली असतात. इथे एकासारखं दुसरं नाही— माणसाचं! अख्ख्या काचेवर मोजून चार, तीही मेलेली.
"कसाय?" आवाज पार खाली गेलेला.
एका नमुन्यावरून ठामपणे काही सांगता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी म्हटलं, "या वळूपासून कधीच काही होणार नाही, साहेब. उगाच गाईंना दोष देऊ नका." चांगली जिरली!

१९ मार्च
साहेब रजेवर. कालही नव्हते.

२० मार्च
त्यांची बायको आली. दारातच उभी. "तीन दिवस अन्नाला शिवले नाहीत. का सांगितलंत हो ताई? माझ्यात काही दोष नाही, हा रिपोर्ट मी सात वर्षं त्यांच्यापासून लपवला होता."
मी तिला बसायला स्टूल ओढलं.