पुलाला मी नाही म्हटलं

बाबा,
तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले आहे.

माझी तब्येत बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

निवडणूक तोंडावर आली, म्हणून मंत्र्यांनी आमच्या अर्थखात्याकडे तीस नव्या कामांची यादी पाठवली. तिजोरीत तेवढे पैसे नव्हते. ती कामं हाती घेतली असती, तर पुढच्या वर्षी दवाखान्यांतली औषधं बंद पडली असती. तसं मी फाइलवर लिहिलं. मंत्रीसाहेब म्हणाले, "अहो, निवडणूक होऊ द्या, मग लिहा."
मी म्हटलं, "मग लिहून काय उपयोग?"

यादी रद्द झाली. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कोणी येत नाही. शिपाईकाका तेवढे चहा ठेवताना दोन शब्द बोलतात. खोलीत ऊन छान येतं, काळजी करू नका.

त्या यादीत आपल्या गावचा पूलही होता, बाबा. लोक तुम्हाला बोलतील. त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

आईला होडीत हात धरून बसवत जा. आणि रागावला असाल, तरी दोन ओळी लिहा.

तुमचीच,
धाकटी